अ‍ॅप म्हणतं "खाली उतरा, पुढे परत चढा" – तीन मिनिटांसाठी उतरावं का?

कासवगती | सोमवार, रात्री ९:१२

संध्याकाळी घरी येताना माझा अठरा किलोमीटरचा रस्ता हायवेवरून आहे, त्यातले शेवटचे पाच शहराच्या पोटातून. तिथे एका उड्डाणपुलाच्या अलीकडे रोज रांग लागते. मग नकाशाच्या अ‍ॅपमधली बाई सांगते : इथे बाहेर पडा, सर्व्हिस रोड धरा, दीड किलोमीटरवर परत हायवेला लागा, तीन मिनिटं वाचतील. महिनाभर ऐकलं तिचं. कधी वाचली, कधी सर्व्हिस रोडवरच अडकून तिलाच चार शब्द सुनावले.

गेल्या आठवड्यात खालून परत वर घुसायला थांबलो होतो. सहज आजूबाजूला पाहिलं तर पुढचे-मागचे बरेचसे माझ्यासारखेच, दीड किलोमीटर मागे ह्याच हायवेवरून उतरलेले. आणि वरची रांग अडली होती कशामुळे? आम्ही घुसत होतो म्हणून. म्हणजे रांग चुकवायला उतरलेले लोकच पुढे जाऊन ती रांग तयार करतायत, असं काही आहे का? की ही माझी शंकाखोर बुद्धी?

तर दोन प्रश्न. अ‍ॅपचं ऐकून असं उतरावं का? आणि रस्ता बांधतानाच हे टाळता येतं का? "अजून एक लेन वाढवा" हे उत्तर पाठ आहे, ते सोडून सांगा.

स्टेपनी | सोमवार, रात्री ९:२०

उतरावं. तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. धागा संपला. (हलके घ्या)

दूर्वा_२१ | सोमवार, रात्री ९:५१

स्टेपनी, तुमच्या त्या तीन मिनिटांच्या दुसऱ्या टोकाला मी राहते. सर्व्हिस रोडला जोडणारी आमची गल्ली. पूर्वी संध्याकाळी मुलं तिथे सायकल शिकायची. आता साडेसहा वाजले की अनोळखी गाड्यांची रीघ, प्रत्येकाच्या डॅशबोर्डवर तोच निळा बाण. गाडी फाटकातून बाहेर काढायला मला पाच मिनिटं लागतात. तुमची तीन वाचली, माझी पाच गेली. आणि अ‍ॅपच्या हिशेबात मी कुठेच नाही, कारण फाटकात अडकलेली असताना मी नकाशा लावलेलाच नसतो!

गतिरोधक बसवून घेतले. आठवडाभर फरक पडला. मग लोक गतिरोधकांसकट यायला लागले.

पिवळा_सिग्नल | सोमवार, रात्री १०:०५

दूर्वाताई, अमेरिकेत न्यू जर्सीतलं लिओनिया हे गाव ह्यालाच कंटाळलं होतं. न्यूयॉर्कला जाणारा जॉर्ज वॉशिंग्टन पूल जवळ, त्यामुळे पुलावर कोंडी झाली की अ‍ॅपं सगळ्यांना गावातून वळवायची. जानेवारी २०१८ मध्ये गावाने गर्दीच्या वेळी साठेक गल्ल्या बाहेरच्यांना बंद केल्या. त्याच वर्षी न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला.

आडरस्ता | सोमवार, रात्री १०:११

बरोबरच केलं न्यायालयाने. गल्ली तुमची म्हणून रस्ता तुमचा होत नाही, ताई. सगळ्यांच्या पैशांतून झालेला आहे.

दूर्वा_२१ | सोमवार, रात्री १०:१३

रस्ता सगळ्यांचा, धूर तेवढा आमचा. असो.

गणिती_किडा | सोमवार, रात्री ११:३८

कासवगती, बुद्धी शंकाखोर नाही, फक्त पन्नासेक वर्षं उशिरा सुचलंय :) १९६८ साली डीट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञाने दाखवून दिलं की जाळ्यात एक नवा रस्ता जोडला तर सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. आकडे माझे घेतो, म्हणजे पडताळता येतील.

३००० गाड्यांना एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचंय. वाटा दोन. पहिलीवर आधी अरुंद पूल, मग लांबचा रुंद रस्ता. दुसरीवर उलटं : आधी रुंद रस्ता, शेवटी अरुंद पूल. रुंद रस्त्याला कितीही गाड्या आल्या तरी ४० मिनिटंच लागतात. पुलावर मात्र दर १०० गाड्यांमागे एक मिनिट. लोक आपोआप निम्मे-निम्मे वाटले जातात. १५०० गाड्या, पुलाला १५ मिनिटं, अधिक ४०. प्रत्येकी ५५.

आता कुणा भल्या माणसाने पहिल्या पुलाच्या शेवटापासून दुसऱ्या पुलाच्या तोंडापर्यंत दोन मिनिटांचा झकास जोडरस्ता बांधला. पहिला पूल उतरलेला माणूस म्हणतो, पुढे ४० मिनिटांचा रस्ता कशाला धरू? जोडरस्त्याने दुसऱ्या पुलावर जातो, सगळ्या ३००० गाड्या आल्या तरी फार तर ३० लागतील. सगळेच असं म्हणतात. झाले ३० + २ + ३०, म्हणजे ६२. एखाद्याने एकट्याने परत जुनी वाट धरली तर त्याला ३० + ४०, म्हणजे ७०. म्हणून कुणी हलतच नाही. रस्ता वाढला, प्रत्येकाची सात मिनिटं गेली, आणि मूर्खपणा मात्र कुणीच केलेला नाही.

अ‍ॅप नव्हतं तेव्हा असा जोडरस्ता निम्म्या लोकांना माहीतच नसायचा. अज्ञानात सुख होतं. आता सगळ्यांना एकाच वेळी शहाणं करून सोडलंय.

काडीबहाद्दर | मंगळवार, सकाळी ८:०२

म्हणजे रस्ते पाडले की कोंडी सुटते म्हणा की. पाय काढून टाकले की ठेचही लागत नाही.

पिवळा_सिग्नल | मंगळवार, सकाळी ८:३०

हसू नका. सोलमध्ये शहराच्या मधून जाणारा उन्नत महामार्ग २००३ मध्ये पाडायला घेतला आणि त्याच्याखाली गाडला गेलेला ओढा २००५ मध्ये पुन्हा मोकळा केला. सगळं शहर ठप्प होईल असं भाकीत होतं. तसं काही झालं नाही.

जुनाजाणता | मंगळवार, सकाळी ९:१५

अर्धीच गोष्ट सांगितलीत. मधल्या काळात, २००४ मध्ये, सोलने बससेवा मुळापासून बदलली. रस्त्याच्या मधोमध बसच्या स्वतंत्र लेन काढल्या. पण फोटो ओढ्याचे निघतात, बसचे कोण काढतो?

खडीडांबर | मंगळवार, रात्री ९:४४

उशीर झाला, दिवसभर साइटवर होतो. रस्त्यांच्या आखणीचं काम करतो, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. लांबण लागेल.

दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर धरा. एका लेनमधून तासाला १८०० गाड्या गेल्या. चांगल्या रस्त्यावर हा आकडा २००० च्याही पुढे जातो. पण तो वाहती वाहतूक असतानाचा. एकदा रांग बसली की त्याच लेनमधून त्याहून कमी गाड्या बाहेर पडतात, कारण थांबलेली प्रत्येक गाडी उचल घ्यायला वेळ खाते. म्हणजे गरज असते नेमकी तेव्हाच रस्ता आक्रसतो. सगळा खेळ रांग बसू न देण्याचा आहे. बसली की मग शिट्या मारायला माणूस उभा करा नाहीतर अ‍ॅप लावा, फार काही हातात राहत नाही.

रांग बसते कुठे? सरळ मोकळ्या पट्ट्यावर सहसा नाही. जिथे गाड्या वर चढतात तिथे, जिथे उतरतात तिथे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चढायचा रॅम्प आधी आणि लगेच पुढे उतरायचा रॅम्प असेल तिथे. चढणाऱ्याला आत शिरायचंय, उतरणाऱ्याला बाहेर पडायचंय, आणि दोघांना त्याच शेदोनशे मीटरमध्ये एकमेकांना छेदायचंय. आम्ही त्याला वीव्हिंग म्हणतो. वेणी घालणंच ते, फक्त पेड हलत असतात.

आखतानाच करता येण्यासारखं बरंच असतं. आधी उतरू द्यायचं, मग चढू द्यायचं, म्हणजे छेद हायवेवर न होता खाली होतो. चढणाऱ्याला वेग पकडायला पुरेशी लांब कडेची लेन द्यायची. दोन रॅम्प जवळच असतील तर त्यांच्यामध्ये ती लेन सलग न्यायची. कासवगती, तुमच्या वर्णनावरून चढायची जागा पुलाच्या तोंडाशीच दिसतेय. तिथे रस्त्याला रुंदी नाही, वर चढण, त्यात घुसणारे. अशा ठिकाणी पुलाच्या अलीकडे लेन वाढवणं म्हणजे नरसाळ्याचं तोंड तेवढंच ठेवून वरचा घेर वाढवणं. तेल जास्त मावेल, खाली धार तेवढीच पडणार.

आणि एक उपाय आहे जो लोकांना अजिबात आवडत नाही : रॅम्पवर सिग्नल. एका हिरव्यात एक किंवा दोन गाड्या. घोळक्याने घुसणं बंद होतं. अमेरिकेत मिनियापोलिस-सेंट पॉल भागात असे ४३० च्या आसपास सिग्नल होते आणि लोक भयंकर वैतागले होते : वर रस्ता मोकळा दिसतोय, आम्हाला खाली का उभं करता? शेवटी २००० सालच्या शरदात काही आठवडे सगळे सिग्नल बंद करून पाहिले. हायवेवरून जाणाऱ्या गाड्या ९ टक्क्यांनी घटल्या, प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला, अपघात २६ टक्क्यांनी. सिग्नल परत सुरू केले. पण लोकांचंही ऐकलं, रॅम्पवर कुणाला किती वेळ खोळंबून ठेवायचं याला मर्यादा घातली. मला ह्यातला हा दुसरा भाग जास्त आवडतो.

स्टेपनी | मंगळवार, रात्री १०:०१

साहेब, एक शंका. लेन संपते तिथे अगदी शेवटपर्यंत जाऊन मग घुसणारा बरोबर, की अर्धा किलोमीटर आधीच सज्जनपणे रांगेत लागणारा?

खडीडांबर | मंगळवार, रात्री १०:०९

गाड्या खोळंबलेल्या असतील तर शेवटपर्यंत जाणारा. दोन्ही लेन भरून वापरायच्या आणि टोकाशी चेनच्या दातांसारखं एक इकडची, एक तिकडची. रांगेची लांबी कमी होते, मागचा चौक मोकळा राहतो.

स्टेपनी | मंगळवार, रात्री १०:१०

हा प्रतिसाद छापून घरी भिंतीवर लावतो.

खडीडांबर | मंगळवार, रात्री १०:१४

थांबा. संपणारी लेन पूर्ण वापरणं वेगळं, आणि उतरायच्या लेनमधून सुसाट पुढे येऊन ऐनवेळी मध्ये नाक खुपसणं वेगळं. यातले तुम्ही कोणते, ते घरच्यांना विचारा.

आडरस्ता | मंगळवार, रात्री ११:२०

मी दिवसाचे दहा तास गाडीवर असतो, पोटापाण्यासाठी. तुम्ही सगळे रॅम्प-रॅम्प करताय. कितीदा असं होतं की रॅम्प नाही, अपघात नाही, खड्डाही नाही, तरी रांग. दहा मिनिटं रांगत जातो आणि अचानक रस्ता मोकळा. पुढे बघतो तर काहीच नसतं. मला विचाराल तर ही सगळी पुढच्याच्या डिकीला चिकटून चालवणाऱ्यांची कृपा. पुढच्याने जरा ब्रेक लावला की ह्याने जोरात, मागच्याने आणखी जोरात. मी अंतर सोडून चालवतो, तर त्या अंतरात तिघं घुसतात. तरी सोडतो. ब्रेकची पॅडं दुप्पट टिकतात.

गणिती_किडा | बुधवार, रात्री १२:०५

आडरस्ता, तुमचं म्हणणं अक्षरशः गोल फिरवून सिद्ध झालंय. जपानमध्ये एका प्रयोगात २३० मीटर घेराच्या वर्तुळाकार मार्गावर २२ गाड्या सोडल्या (२००८ मध्ये प्रसिद्ध झाला). सूचना एकच, ताशी ३० च्या आसपास सारख्या वेगाने चालवा. ना सिग्नल, ना रॅम्प. थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि ती ताशी सुमारे २० किलोमीटरने उलट्या दिशेने सरकत राहिली. गाड्या पुढे, कोंडी मागे. तुम्ही पोहोचता तेव्हा सुरुवात करणारा केव्हाच घरी पोहोचलेला असतो.

उगाचच | बुधवार, सकाळी ७:५८

अवांतर : अ‍ॅपमधल्या बाईचा आवाज बदलून बुवा लावला, तेव्हापासून आमची ही सांगितलेल्या ठिकाणी वळते. आधी म्हणायची, "तिला काय कळतंय!"

दूर्वा_२१ | बुधवार, सकाळी ८:२०

आमच्याकडे दोन फोन, दोन अ‍ॅपं. एक म्हणतं डावीकडे, दुसरं सरळ. नवरा तिसरीकडेच वळतो आणि म्हणतो, "मला हा रस्ता लहानपणापासून माहीत आहे."

नकाशेवाली | बुधवार, दुपारी २:३३

नकाशांच्या माहितीवर काम करणाऱ्या एका कंपनीत काही वर्षं होते (नाव विचारू नका). थोडं त्या बाईच्या वतीने बोलते.

अ‍ॅपला रस्ता दिसत नाही, फोन दिसतात. रस्त्यावरचे फोन किती वेगाने सरकतायत त्यावरून तो तुकडा हिरवा की लाल हे ठरतं, आणि त्या वाराचा, त्या वेळेचा जुना अनुभव त्यात मिसळलेला असतो. उड्डाणपूल आणि खालचा सर्व्हिस रोड वरून पाहिले तर एकच रेघ. उपग्रहावरून मिळालेलं ठिकाण काही मीटर इकडेतिकडे होतं, उंचीचा अंदाज तर त्याहून कच्चा. वरची गाडी कुठली आणि खालची कुठली ह्यात गफलत होते. खालून फटी-फटीतून निघालेल्या चार दुचाक्यांमुळे रस्ता आहे त्यापेक्षा मोकळा वाटू शकतो.

"तीन मिनिटं वाचतील" हे एका अंदाजातून दुसरा अंदाज वजा करून आलेलं असतं. अर्ध्या तासाच्या प्रवासात तेवढी चूक सहज होते. कासवगती, तुम्हाला कधी वाचली, कधी अडकलो हा जो अनुभव आला तो त्यातूनच. मी स्वतः सांगितलेली बचत उरलेल्या वेळेच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर वळत नाही. शास्त्र नाही, सवय आहे.

खरी अडचण पुढेच आहे. सगळ्यांना एकच सल्ला दिला की पाळणा होतो : इकडे गर्दी, तिकडे ओस, थोड्या वेळाने उलट. त्यावर उपाय म्हणजे गाड्या वाटून देणं, काहींना ही वाट, काहींना ती. पण मग कुणाला तरी जाणूनबुजून लांबच्या वाटेने पाठवावं लागतं. आणि ज्याला ते कळेल तो त्याच क्षणी दुसरं अ‍ॅप उघडेल. ह्या प्रश्नावर आमच्या बैठका व्हायच्या आणि नेहमी अपुऱ्या राहायच्या.

स्टेपनी | बुधवार, दुपारी ३:१०

फोन दिसतात म्हणालात त्यावरून आठवलं. २०२० मध्ये बर्लिनमध्ये सिमोन वेकर्ट नावाच्या कलाकाराने हातगाडीत ९९ फोन भरले आणि मोकळ्या रस्त्यावरून रमतगमत ओढत नेले. नकाशावर रस्ता लालेलाल! दूर्वाताई, कल्पना घ्या. गतिरोधकापेक्षा स्वस्त पडणार नाही, पण मजा येईल.

दूर्वा_२१ | बुधवार, दुपारी ३:१४

जुने फोन कुणाकुणाकडे पडून आहेत? हात वर करा.

जुनाजाणता | बुधवार, रात्री ८:४०

धागाकर्त्याने लेन वाढवण्याचं उत्तर सुरुवातीलाच बाद केलं. का बाद, तेही नोंदवून ठेवू. ड्युरान्टन आणि टर्नर या दोन अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरी महामार्गांचा हिशेब मांडला. लेन जितक्या टक्क्यांनी वाढल्या, वाहतूक जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी वाढली. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत एवढा रुंद केला की काही ठिकाणी सर्व्हिस रोडसकट २६ लेन मोजता येतात. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबत गेला.

काडीबहाद्दर | बुधवार, रात्री ९:०२

जुनाजाणता काका, हे दर वेळी असं सांगतात जणू लेन वाढवणं पाप आहे. वाहतूक वाढली म्हणजे काय झालं? कुणी लांबची नोकरी धरू शकलं, कुणी आईला भेटायला जास्त वेळा गेलं. वेग तोच राहिला असेल, पण माणसं जास्त गेली ना? ते कुठल्या रकान्यात मांडता?

जुनाजाणता | बुधवार, रात्री ९:३०

मुद्दा रास्त आहे, खरंच. फक्त मग लेन वाढवताना "कोंडी फुटेल" असं सांगू नये. "कोंडी तेवढीच राहील, पण तिच्यात जास्त लोक बसतील" असा फलक लावावा.

पिवळा_सिग्नल | बुधवार, रात्री ९:४८

गर्दीच्या वेळी पैसे घ्या, हा उपाय अजून कुणीच काढला नाही. सिंगापूरमध्ये १९७५ पासून आहे. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने करून पाहिलं, वेशीवरची वाहतूक २० टक्क्यांच्या आसपास घटली. प्रयोग संपल्यावर पुन्हा वाढली. मग लोकांचं मत घेतलं आणि २००७ पासून कायम केलं. एक पैची लेन न बांधता.

आडरस्ता | बुधवार, रात्री १०:०२

म्हणजे ज्याच्या खिशात आहेत त्याला मोकळा रस्ता. आमची वेळ गिऱ्हाईक ठरवतं. मी सकाळी नऊच्या ऐवजी अकराला जातो म्हटलं तर दुसऱ्याला बोलावतील.

पिवळा_सिग्नल | बुधवार, रात्री १०:१५

आज तुम्ही पैशांऐवजी तास देताच आहात, आडरस्ता. रांगेत. फरक इतकाच की दिलेला तास कुणाच्याच हाती लागत नाही. पैसे निदान बसला लावता येतात. पण तुमच्यासारख्यांना सवलत हवी, हे मान्य.

(ह्यावर दोघांचे आणखी अकरा प्रतिसाद आले. संपादकांनी वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

कासवगती | पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, रात्री ९:०५

धागा सोडून पळालो नव्हतो, मोजत होतो. कामाचे दहा दिवस : पाच दिवस वरून, पाच दिवस बाईचं ऐकून खालून. खालच्या पाचांपैकी चार दिवस वेळ वाचला, पण दर वेळी दोन मिनिटांच्या आतच. पाचव्या दिवशी खाली एक टेम्पो बंद पडला आणि अकरा मिनिटं गेली. बेरीज केली तर वरचा रस्ता जिंकतो. नकाशेवालीताई, तुमच्या दहा टक्क्यांत बसतंय हे सगळं.

त्याहून मजेशीर म्हणजे मंगळवारी उतरताना एक निळी गाडी, छतावर शिडी बांधलेली, माझ्या अगदी शेजारी होती. ती वरच राहिली. मी खालून गल्लीबोळ करून, दोन गतिरोधक खाऊन (दूर्वाताई, तुमचे नसावेत) परत वर चढलो आणि मला जागा करून द्यायला ब्रेक कुणी लावला? त्याच शिडीवाल्याने! मी घुसलो म्हणून तो थांबला, तो थांबला म्हणून त्याच्या मागचे. खडीडांबर, तुम्ही म्हणालात तशीच जागा आहे, पुलाच्या तोंडाशी. तो चढ संध्याकाळी दोन तास बंद ठेवला आणि गाड्या पूल संपल्यावर चढू दिल्या तर?

खडीडांबर | शुक्रवार, रात्री ९:३२

करण्यासारखं आहे, आणि बांधकाम न करता. आधी चार ड्रम आणि एक माणूस ठेवून महिनाभर पाहायचं. पण तो चढ वापरणारे सगळे तुमच्यासारखे उतरून चढणारे नसतील, खालच्या वस्तीतलेही असतील. त्यांना पुलाच्या पलीकडच्या चढापर्यंत खालूनच जावं लागेल आणि मधल्या सिग्नलची वेळ त्यासाठी बदलावी लागेल. ते न करता नुसता चढ बंद केला तर आगीतून फुफाट्यात. आणि अ‍ॅपला बंद असल्याचं कळवा आधी, नाहीतर लोक ड्रमपर्यंत येऊन रिव्हर्स घेतील.

नकाशेवाली | शुक्रवार, रात्री ९:४०

वेळेपुरता बंद रस्ता नकाशात दाखवता येतो. फक्त तो उघडला की तेही कुणीतरी कळवावं लागतं. हे नेहमी विसरतात.

दूर्वा_२१ | शुक्रवार, रात्री ९:४६

चढ बंद झाला तर आमच्या गल्लीतून येण्यात कुणालाच अर्थ उरणार नाही. अर्ज कुठे करायचा ते सांगा, पहिली सही माझी.

कासवगती | शुक्रवार, रात्री १०:०२

आजचं सांगतो. बाई म्हणाली, बाहेर पडा. नाही पडलो. नवा मार्ग शोधला तिने, आणि पुढच्या वळणाला परत तेच. तिथेही नाही उतरलो. मग गप्प बसली, पूल ओलांडेपर्यंत.

स्टेपनी | शुक्रवार, रात्री १०:०४

उत्तम. तुम्ही सगळे असेच वर राहा. खालचा रस्ता आज मस्त मोकळा होता.